मधेच शाळा सोडलेल्या पोराचं इंग्रजी



आपल्या कुठल्याही वस्तीत जा आणि शाळा सुटलेल्या पोराला विचारा, का रे सुटली? घरची अडचण सांगून झाली की तो मान खाली घालतो आणि म्हणतो, "इंग्रजीत राहिलो." जणू गुन्हा कबूल करतोय. वर आणखी म्हणतो, "आपल्या डोक्यात इंग्रजी बसतच नाय."

माझं म्हणणं असं, की हा डोक्याचा प्रश्न नाही. परकी भाषा कुणाला शिकवायची, किती शिकवायची, कितवीपासून शिकवायची, कुणी शिकवायची ह्याचे निर्णय माणसांनी घेतलेत. त्यावर संशोधन झालंय, कमिशनं बसलीत, पैसा खर्च झालाय. त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात आपण कुठं होतो, हे बघितल्याशिवाय ह्या पोराची मान वर होणार नाही.

मी वारज्यात राहतो, गिरणीत पाळ्या करतो आणि कविता लिहितो. माझीही शाळा नववीतच सुटली. नंतर जे वाचलं ते लायब्ररीत बसून आणि रात्रपाळीच्या सुट्टीत. तेव्हा हा लेख प्राध्यापकी नाही. पण त्यातलं साल न् साल तपासून घ्या आणि मग भांडायला या.

सुरुवात आपल्या पुण्यातूनच करू. पेशवाई बुडाली १८१८ साली. इंग्रज सरकारने तीनच वर्षांनी, १८२१ साली, विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पैसा कुठला? पेशवे ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत तिच्यातला. राज्य गेलं तरी दक्षिणा गेली नाही, फक्त वाटणारा हात बदलला. पुढं त्याच पाठशाळेत इंग्रजी आलं, तिचं पूना कॉलेज झालं, आणि १८६८ साली ते येरवड्याच्या बाजूला नव्या इमारतीत गेलं. तेच डेक्कन कॉलेज. ह्या कॉलेजचं नाव लक्षात ठेवा, पुढं ते परत लागणार आहे.

त्याच काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर एल्फिन्स्टन ह्याने शिक्षणावर एक टिपण लिहिलं. मिशनऱ्यांना खालच्या जातींतली मुलं सर्वांत चांगले विद्यार्थी वाटतात, हे त्याने कबूल केलं. लगेच पुढं असंही लिहिलं, की ह्या लोकांना खास उत्तेजन देताना जपून राहिलं पाहिजे. शिक्षण आधी त्यांच्यात रुजलं तर ते वरच्या जातींत पसरणारच नाही. म्हंजे बघा, डोकं नाही असं गव्हर्नर म्हणत नव्हता. डोकं आहे म्हणूनच जपून राहा म्हणत होता! हे टिपण बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनसाठी बहिष्कृत हितकारिणी सभेचं निवेदन तयार केलं तेव्हा उजेडात मांडलं.

मग १८३५ साली मेकॉलेचा खलिता आला. इंग्रजी शिकलेला एक छोटा वर्ग तयार करायचा आणि त्याने ते ज्ञान खाली लोकांपर्यंत न्यायचं, असा तो हिशेब. ह्यालाच झिरपण्याचा सिद्धांत म्हणतात. जे लोक आपल्याला तळ्याला हात लावू देत नव्हते, ते आता वरून ज्ञान झिरपवणार होते! १८५६ साली धारवाडला एका महाराच्या मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. सरकारने दिला नाही. एका पोरासाठी बाकीची शाळा रिकामी होईल, असा त्यातला विचार. झिरपणं ते हे.

ह्या हिशेबाला पहिलं रोखठोक उत्तर मिळालं ते पुण्यातच. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकलेले. सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'त शूद्र-अतिशूद्रांना इंग्रजी शिका म्हणून कविता लिहिली. पण ह्या दोघांचं म्हणणं मेकॉलेसारखं नव्हतं, हे आपल्यातले बरेच जण विसरतात. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी इंग्रजीतून लेखी निवेदन दिलं. त्यात त्यांनी सरकारला विचारलं, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा कुठला न्याय? वर शिकवलं की खाली झिरपतं, हे खोटं ठरलंय, असं त्यांनी मांडलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि शिक्षक सगळ्या जातींतून घ्या, अशी मागणी केली.

त्या निवेदनात आणखी एक मागणी आहे. तिच्यावर कुणी भाषण करत नाही, पण माझ्यासारख्याला ती जवळची वाटते. मुंबई विद्यापीठ प्रवेश परीक्षेला खासगी विद्यार्थी बसू देतं, तशीच सवलत बी.ए., एम.ए.लाही द्या, म्हंजे बरेच तरुण घरी अभ्यास करून पुढं जातील, असं जोतीराव म्हणाले. कॉलेजात ज्याला जागा नाही, फीला पैसा नाही, त्याचा विचार १८८२ साली एका माळ्याच्या पोराने केला होता.

आणि त्याच वेळी त्याच पुण्यात दुसरं काय चाललं होतं? विष्णुशास्त्री चिपळूणकर 'निबंधमाले'त जोतीरावांच्या भाषेची आणि व्याकरणाची टिंगल करत होते. १८८० साली त्यांनी टिळक वगैरे मंडळींबरोबर शाळा काढली तिचं नाव न्यू इंग्लिश स्कूल. आपल्या पोस्टरांवर 'वाघिणीचं दूध' हे शब्द आपण नेहमी रंगवतो ना, ते इंग्रजी विद्येला उद्देशून चिपळूणकरांचे म्हणून सांगितले जातात. दूध त्यांनी प्यायचं आणि आपलं व्याकरण तपासायचं, अशी ती वाटणी होती.

आता रामजी सुभेदारांकडे या. भीमाच्या हातात इंग्रजी कुणी दिलं? आधी बापाने दिलं. रामजी बाबा पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये मास्तरकीचं शिक्षण घेऊन लष्करी शाळेत हेडमास्तर झालेले. पलटणीच्या शाळेत शिपायांच्या पोरांना शिक्षण होतं म्हणून महार घरात मास्तर तयार झाला. त्यांनी पोराकडून तर्खडकरांच्या भाषांतराच्या पाठमाला घोटून घेतल्या. मराठी वाक्य घ्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं, शब्दाला नेमका शब्द शोधायचा. पुढं संस्कृत घेऊ दिलं नाही म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली, हे सगळ्यांना पाठ आहे. पण घरात इंग्रजी शिकवणारा बाप होता, हे त्याच्याइतकंच मोठं आहे. ज्या घरात असा बाप नाही, तिथल्या पोराचं सगळं शाळेवर अवलंबून. आणि शाळा तर मधेच सुटते.

इथंच एका इंग्रजाचं संशोधन उपयोगी पडतं. मायकल वेस्ट हा ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचा प्राचार्य होता. १९२६ साली त्याने बंगालातल्या द्विभाषिक शिक्षणावर ग्रंथ काढला. बंगाली पोरं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि शेवटी त्यांना ना वाचता येतं ना बोलता येतं, हे त्याने बघितलं. आणि त्याने एक फार साधा सवाल टाकला: जो पोरगा शेवटपर्यंत टिकणार नाही, मधेच शाळा सोडणार आहे, त्याच्या हातात काय उरतं?

ह्याला त्याने विम्याच्या धंद्यातला शब्द वापरला, सरेंडर व्हॅल्यू. आपल्याला हा शब्द चांगला माहीत आहे. विम्याची पॉलिसी काढली, काही वर्षं हप्ते भरले, पुढं जमेना. मग मधेच मोडली तर जी काही रक्कम हातात येते ती. वेस्टचं म्हणणं, शिक्षणाचंही तसंच बघा. वरपर्यंत पोचणाऱ्या थोड्या पोरांसाठी अभ्यासक्रम बांधलात तर मधे गळणाऱ्यांनी भरलेले सगळे हप्ते बुडाले. त्याने उत्तर दिलं, आधी वाचायला शिकवा. वाचन लवकर कामाला येतं, आणि शाळा सुटली तरी माणूस एकटा पुढं जाऊ शकतो. त्यासाठी त्याने नेहमी लागणारे शब्द निवडून, ते थोडे थोडे वाढवत नेणारी वाचनाची पुस्तकं तयार केली. १९५३ साली सुमारे दोन हजार शब्दांची त्याची यादी प्रसिद्ध झाली. पुढं जगभर परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी ती वापरली.

वेस्ट साम्राज्याचा नोकर होता, हे मी विसरलेलो नाही. फक्त वाचा, बोलू नका, हे उत्तर मला अर्धंच वाटतं. पण त्याचा सवाल आपला आहे. जोतीराव ज्या रयतेच्या वतीने बोलत होते, तिचाच हिशेब वेस्टच्या सवालात आकड्याला लागतो.

हाच सवाल घेऊन आता आपल्याच सरकारकडे बघा. १९४०चं दशक संपता संपता, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, मुंबई राज्यात पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढून टाकलं आणि ते आठवीपासून ठेवलं. कारण दिलं मातृभाषेचं आणि स्वदेशीचं. मातृभाषेतून शिकावं, हे मलाही पटतं. पण हिशेब करा. सातवीच्या आत ज्याची शाळा सुटली त्याची इंग्रजीची सरेंडर व्हॅल्यू शून्य. आणि सातवीच्या आत कुणाची शाळा सुटत होती? भूमिहीनाच्या पोराची, झाडूवालीच्या पोरीची. ज्यांच्या घरात इंग्रजी जाणणारे बाप-काके होते त्यांचं आठवीपर्यंत काही अडलं नाही.

शिवाय मोठ्या लोकांसाठी इंग्रजी माध्यमाच्या शाळा होत्याच. मोरारजी देसाईंच्या सरकारने ६ जानेवारी १९५४ला परिपत्रक काढलं, की अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या मुलांशिवाय कुणाला इंग्रजी माध्यमाच्या वर्गात घेऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचं प्रकरण कोर्टात गेलं आणि २६ मे १९५४ला सुप्रीम कोर्टाने परिपत्रक रद्द ठरवलं. ऐपतवाल्यांचं दार परत उघडलं. आठवीवाल्याचं दार उघडायला कुणी वकील उभा केला नाही.

आता मघाचं डेक्कन कॉलेज. ते १९३४ साली बंद पडलं आणि १९३९ साली संशोधन संस्था म्हणून परत सुरू झालं. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या काळात तिथं भाषाविज्ञानाचं मोठं केंद्र झालं. १९५०च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशाने तिथं भाषाविज्ञानाचे उन्हाळी वर्ग भरले. खडकवासल्याहून निघालेलं मुठेचं पाणी आमच्या वारज्यावरून जातं, पुढं संगमावर मुळेला मिळतं आणि मग डेक्कन कॉलेजच्या बाजूने वाहतं. पाणी पोचलं, पण तिथं चाललेली विद्या उलट चढून आमच्या वस्तीत कधी आली नाही. म्हणून ती आपण जाऊन आणायची.

तिच्यात आपल्या कामाचं काय आहे? एक उदाहरण देतो. अशोक केळकर हे पुण्याचे भाषावैज्ञानिक. १९५७ साली अमेरिकेतल्या 'वर्ड' ह्या नियतकालिकात त्यांनी 'मराठी इंग्रजी'वर लेख लिहिला. विषय होता परकी उच्चार, म्हंजे मराठी माणूस इंग्रजी बोलतो तेव्हा त्याची मराठी त्यात कशी उतरते. ह्या शास्त्राचं म्हणणं साध्या भाषेत सांगतो. प्रत्येक भाषेचे ध्वनी ठरलेले असतात. लहानपणी कान त्या साच्यात बसतो. मग नवी भाषा आली की कान तिला जुन्या साच्यात घालतो. इंग्रजांची जीभ ज्या जागी 'टी' म्हणते ती जागा आपल्या 'त'चीही नाही आणि 'ट'चीही नाही, म्हणून आपण सरळ 'ट' म्हणतो. इंग्रजीत 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे, आपल्याकडे दोन्हींना एकच 'व'. 'बॅट' आणि 'बॉल'मधले स्वर मराठीत नव्हते, म्हणून बाराखडीला नव्या खुणा जोडाव्या लागल्या.

आता बघा, ही यादी सदाशिव पेठेतल्या माणसाला लागू आहे आणि रामनगरातल्या माणसालाही. शास्त्राच्या कानाला दोघांचाही उच्चार परकाच. मग हसू कुणाला येतं आणि कुणावर? 'स्कूल'चं 'इस्कूल' झालं की वर्ग हसतो. 'टेबल'चा 'ट' इंग्रजासारखा नाही म्हणून कुणी हसत नाही, कारण तो मास्तरांचाही तसाच असतो. तेव्हा चूक काय आणि बोली काय हे जिभेवर ठरत नाही, जातीवर ठरतं. मराठीत तरी वेगळं काय झालं? 'पाणी' शुद्ध आणि 'पानी' गावंढळ. पण भाषाविज्ञान म्हणतं, प्रत्येक बोलीला तिचं व्याकरण असतं. डॉ. अमृत माधव घाटगे यांनी १९६०च्या दशकात मराठीच्या बोलींची पाहणी पुस्तकांतून मांडली, त्यात ठाण्याच्या वारली लोकांची बोलीही आहे. वारल्यांच्या बोलीला नियम आहेत हे विद्वानांनी लिहून ठेवलंय, आणि शाळामास्तर अजून लाल शाईने तिला मारतो आहे.

चुकीबद्दलही शास्त्राने विचार बदलला. १९६७ साली पिट कॉर्डर ह्या ब्रिटिश अभ्यासकाने मांडलं, की शिकणाऱ्याच्या चुका म्हंजे त्याचा आळस नव्हे. तो मनात भाषेचे नियम कसे बांधतोय त्याचा तो पुरावा आहे. १९७२ साली लॅरी सेलिंकरने ह्या मधल्या भाषेला स्वतंत्र नाव दिलं. म्हंजे 'ही गो' म्हणणारा पोरगा मूर्ख नाही. त्याने एक नियम पकडलाय, दुसरा अजून यायचाय. साच्यावर नवा कामगार पहिल्या महिन्यात धागा तोडतो, म्हणून त्याला कुणी जन्माचा नालायक म्हणत नाही. शिकतोय म्हणतो.

आपल्या देशातही ह्यावर मोठं काम झालं. हैदराबादला १९५८ साली केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली. वाक्यांचे साचे ठरवायचे, सोप्याकडून अवघडाकडे जायचं आणि घोटून घ्यायचं, अशी पद्धत त्या काळात देशभर शाळांत चालली. ती पोपटपंची झाली तेव्हा एन. एस. प्रभू ह्यांनी १९७९ ते १९८४ दक्षिणेतल्या शाळांत वेगळा प्रयोग केला. बंगलोर प्रोजेक्ट म्हणून तो जगात गाजला. त्यात व्याकरणाचे धडेच नव्हते. पोरांपुढं रेल्वेचं वेळापत्रक ठेवायचं, नकाशा ठेवायचा आणि इंग्रजीतून कोडं घालायचं: अमक्या गावाला सकाळी पोचायचं तर कुठली गाडी धरायची? लक्ष अर्थाकडे असलं की भाषेची घडण आपोआप मनात बसते, हा त्यांचा विचार. त्यावर अभ्यासकांत वाद झाले, अजून होतात. पण आपल्याला त्यातून एक गोष्ट घेता येते: भाषा कामात घालून शिकता येते, आणि काम तर आपल्याइतकं कुणाकडेच नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. निर्णय चांगला होता, मी त्याच्या बाजूचा आहे. पण इंग्रजी पहिलीत आणलं तरी सवाल तोच राहतो. पाचवीत, आठवीत ज्याची शाळा सुटते त्याला काय वाचता येतं? हे न विचारता आमच्या वारज्यातही बायाबापड्या धुण्याभांड्याच्या पैशातून इंग्रजी माध्यमाची फी भरतात. घरी इंग्रजी नाही, मराठीही धड पोचत नाही, आणि फी थकली की पोर मधेच बाहेर. हप्ते बुडालेल्या पॉलिसीचा दाखला ह्यापेक्षा कुठला द्यायचा?

शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बळ घटकांना दिल्या. ९ फेब्रुवारी २०२४ला महाराष्ट्र सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही सक्ती नाही. म्हंजे शहरात जवळपास सगळ्यांनाच मोकळीक. १९ जुलै २०२४ला मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला. पण १९५४ आणि २०२४ शेजारी ठेवून बघा. सत्तर वर्षांत सरकारं बदलली, भाषा कुणाला मिळावी हे परिपत्रकाने ठरवायची खोड गेली नाही.

आपल्यातले काही म्हणतील, मग मेकॉलेचे उपकार माना. उत्तर प्रदेशात बंका गावी चंद्रभान प्रसाद यांनी २०१० साली इंग्रजी देवीचं मंदिर उभारायला घेतलं. त्यामागची तळमळ मला कळते. पण ज्यांनी तेहतीस कोटी देव सोडले त्यांना चौतीसाव्या कोटीची गरज नाही. देवीपुढं हात जोडावे लागतात, आणि आपल्याला हात मोकळे पाहिजेत.

कशासाठी ते सांगतो. माझ्या ओळखीच्या एका बदली कामगारापुढं ठेकेदाराने हिशेबाच्या दिवशी इंग्रजी कागद ठेवला. पगाराची पावती आहे म्हणाला. त्याने सही केली. त्या कागदात एक शब्द होता, 'व्हॉलंटरी'. म्हंजे राजीखुशीने. काढून टाकलेला माणूस कागदावर स्वतःहून नोकरी सोडून गेला होता. पुढं दाद मागायला गेला तेव्हा तो एक शब्द त्याला आडवा आला. आठवीपर्यंत शिकलेला हा माणूस. आठ वर्षांच्या शिक्षणाची सरेंडर व्हॅल्यू एवढी तरी हवी होती, की तो शब्द बघून त्याने पेन खाली ठेवावं.

म्हणून कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे. जयंतीच्या वर्गणीतून थोडा पैसा आणि आठवड्यातून दोन रात्री काढा. बुद्धविहारात नाहीतर कुणाच्या ओट्यावर बसा. धडे नकोत. प्रॉव्हिडंट फंडाची पावती घ्या, ई.एस.आय.चं कार्ड घ्या, नेमणुकीचं पत्र, बँकेची नोटीस, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी घ्या. त्यातले शब्द काढा, वहीत लिहा, मराठीत अर्थ लिहा, रामजी बाबांसारखं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करा. ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याला शिकवावं. एकच नियम कडक ठेवा: उच्चाराला कुणी हसायचं नाही. हसला तर त्या रात्रीचा चहा त्याच्याकडे.

आणि शाळेच्या पालकसभेला जाल तेव्हा किती पहिल्या वर्गात आले हे विचारू नका. जी पोरं गेल्या वर्षी मधेच गेली त्यांची नावं मागा, आणि त्यांना काय वाचता येत होतं ते विचारा.

जयभीम.